सर्व्हरचा दसरा

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात मी घराबरोबर सर्व्हरचाही दसरा काढला आणि माझ्या थोरल्या जावेचा आवाज धुऊन टाकला. असं एका दमात सांगितलं की कुणाला पटत नाही, आणि ज्याला पटतं तो हसतो. हसा. मीही हसते, तेव्हाच्या माझ्यावर. सत्तरीला टेकलेली बाई, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, पण डोक्यात हवा मात्र कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरीची.

त्या पोरीच्या डोक्यात हवा कुठून भरली गेली, तेही सांगते. राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात संगणक विभागात मी जन्म काढला. काळी स्क्रीन, तिच्यावर हिरवी अक्षरं, आणि मागं उसाच्या वजनाच्या पावत्या फाडणारा प्रिंटर. त्या काळ्या स्क्रीनला बाकीचे बिचकायचे, मी नाही. तेवढ्यावर निवृत्तीनंतरही माझी मान ताठ राहिली. बरोबरीच्या बायका भजनात गेल्या, मी लिनक्स शिकत बसले. घरात कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटायचे. आमचे हे पेपर वर धरायचे, तोंड दिसू नये म्हणून.

आमच्या भावकीचा मोबाईलवर एक ग्रुप होता. सकाळी फुलं, दुपारी पुढाऱ्यांचे व्हिडिओ, संध्याकाळी त्यावरून भांडणं. ह्या सगळ्याच्या मधे आक्का बोलायची. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अंगणापलीकडच्या घरात राहणारी. चौथीतून शाळा सुटलेली, टाईप करायचा कंटाळा, म्हणून मोबाईल तोंडाशी धरून बोलायची. म्हैस कशी आटली, डाळ कशी नासली, बाजारात कोण भेटलं, जावई किती खातो. बोलायला लागली की थांबायची नाही. सासरी गेलेल्या पोरी तिचंच ऐकायला त्या ग्रुपात टिकून होत्या. एकदा तिचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला, नवा घेतला, आणि त्यातलं जुनं बोललेलं सगळं गेलं. आक्काला त्याचं काही नव्हतं. म्हणाली, "तोंड हाय की. आजून बोलंल." पण माझ्यातली ती पोर उठली. म्हणाली, आपलंच काहीतरी उभं करू. कुणा कंपनीच्या दारात बसायला नको. आपल्या घरात आपला सर्व्हर, त्यात फक्त आपली माणसं, आणि आक्काचा आवाज जन्मभर जपून ठेवलेला.

जन्मभर. हा शब्द मीच वापरला होता.

घरात एक जुना संगणक पडून होता, त्यात लिनक्स घातलं आणि इंटरनेटवर शोधशोधून असं सोशल नेटवर्क बसवायला घेतलं जे फुकट मिळतं आणि आपल्या घरी चालवता येतं. ते कंटेनरमधून चालवायचं होतं. आक्कानं विचारलं, "कंटेनर म्हंजी ट्रकवर असत्यात ते?" मी तिला समोर बसवून सांगितलं. एवढं मोठं काम एकटा प्रोग्रॅम करत नाही. एक पान दाखवतो, एक निरोप पोचवतो, एक मागची बारीकसारीक कामं उरकतो, एक सगळं साठवतो. प्रत्येकाला त्याच्या सामानासकट वेगळं बंद करायचं, म्हणजे एकाचं भांडण दुसऱ्याला लागत नाही. तो बंद केलेला एकेक म्हणजे कंटेनर. बिघडला तर फेकून द्यायचा, त्याच जागी नवा उभा करायचा. पण आपली माणसं बोलली ते, फोटो काढले ते, हे कंटेनरात ठेवायचं नाही. त्याला बाहेर वेगळी जागा, तिला व्हॉल्यूम म्हणतात. कंटेनर गेला तरी व्हॉल्यूम राहतो.

हे मी सांगितलं. माझ्या तोंडानं, बोट वर करून. म्हणून मला कुणी असं समजू नये की ठाऊक नव्हतं म्हणून चुकले.

बसवायला फार त्रास झाला. एक कंटेनर उठला की दुसरा पडायचा. तो उठवला की पहिला झोपायचा. कितीतरी दिवसांनी कळलं की संगणकात मेमरीच अपुरी होती. मग आमच्या इंटरनेटवाल्याकडून बाहेरून आत यायला रस्ता मिळेना, तो दुसरीकडून फिरवून आणला. आक्का रोज डोकावायची. "आज कुनाला घेरी आली गं तुझ्या मशिनीत?" म्हणायची. ज्या दिवशी सगळे एकदम उभे राहिले, त्या दिवशी मी पहिला आवाज टाकला: "टेस्ट, टेस्ट, माझा आवाज येतोय का?" आणि मिरजगावहून पुतणीचं, म्हणजे आक्काच्या लेकीचं, उत्तर आलं, "येतोय गं काकू, गल्लीभर येतोय."

मग मी हुकूम काढला. आक्काचं काही म्हणजे काही मोबाईलच्या ग्रुपावर टाकायचं नाही. आपल्या घरच्या ठिकाणीच. कुणी तिकडं टाकलं की मी भांडायची. दोघींना तर रडवलं. माझं ऐकलं सगळ्यांनी. म्हणजे आक्काचा आवाज जगात एकाच जागी राहिला, माझ्या घरातल्या जुन्या संगणकात, आणि ह्याचा मला अभिमान होता.

त्यानंतर आक्काचा घसा बसला. बसला तो सुटेचना. जन्मभर मिश्री लावली होती तिनं. नगरला दाखवलं, मग पुण्याला नेलं, आणि स्वरयंत्र काढून टाकायला लागलं. गळ्याला पुढं भोक राहिलं, श्वास तिथूनच. आत एक छोटी झडप बसवून दिली. भोकावर अंगठा दाबला की घशातून घोगरं, फाटकं काहीतरी निघायचं, दोन-तीन शब्द, की पुन्हा अंगठा काढून श्वास. लई बोलणारी आमची आक्का, ती दोन शब्दांवर आली. लोक समोर असले की तेवढंही बोलायची नाही.

तेव्हा त्या सर्व्हरची किंमत सगळ्यांना कळली. पुतणी मिरजगावला तिच्या छोट्या पोरीला भरवताना आईचं जुनं बोलणं लावायची. पोर घास घ्यायची आणि मोबाईलला म्हणायची, "आजी, मंग?" पुतणीनं हे मला फोनवर सांगितलं आणि पुढं तिला बोलता येईना. मीही रडले, पण आतून ती कॉलेजातली पोर म्हणत होती, बघा, मी केलं हे.

आता तो दिवस.

आमच्याकडं दसरा काढायची रीत सासूबाईंनी घालून दिलेली. घरातलं सगळं अंगणात काढायचं. गोधड्या, वाकळा पाटाच्या पाण्यात, डबे-पातेली राखेनं. घर रिकामं झालं पाहिजे, भिंती दिसल्या पाहिजेत. मग वस्तू आत न्यायच्या, आणि जिला कुणी "ही माझी" म्हणत नाही ती बाहेरच टाकायची. सासूबाई गेल्या, रीत राहिली. त्या दिवशी पाटाला पाणी होतं, सकाळी गोधड्या धुवून आले, अंगणात दोऱ्या बांधल्या, हात-पाय भरून आले होते पण अंगात आलं होतं. तेवढ्यात पुतणीचा फोन, "काकू, फोटो चढत नाहीये." बघितलं तर डिस्क गच्च भरलेली. जुने कंटेनर, अर्धवट उतरवलेलं सामान, माझ्याच प्रयोगांचा कचरा. म्हटलं, चला, हाही आवरू.

इंटरनेटवर साफसफाईच्या आज्ञा लिहिलेल्या होत्या. न वापरलेले कंटेनर काढा, न वापरलेले व्हॉल्यूम काढा. चालू सर्व्हरवर ह्या दिल्या असत्या तर काही झालं नसतं, कारण जे चालू आहे त्याला ती आज्ञा हात लावत नाही. पण मी दसरा काढत होते. अर्धवट आवरणं आमच्या घरात नाही. आधी सगळं बाहेर! मी सगळे कंटेनर खाली उतरवले, एकही उभा ठेवला नाही. घर रिकामं. आणि मग आज्ञा दिली: ज्या व्हॉल्यूमला कुणी आपला म्हणत नाही, ते सगळे काढ.

म्हणणारे कंटेनर होते कुठं? त्यांना मीच घालवलं होतं.

मशिनीनं विचारलं, नक्की ना? कारखान्यात पावती छापताना स्क्रीन दर वेळी विचारायची, तसा सवयीनं 'हो'चा वाय दाबला. क्षणात उत्तर आलं, एवढी जागा मोकळी झाली. खूप मोठा आकडा होता. मी ओट्यावरूनच ओरडले, "अहो, बघा किती घाण निघाली!" हे म्हणाले, "शाब्बास."

हे म्हणाले ते शाब्बास अजून कानात आहे.

कंटेनर परत उभे केले. सगळे पहिल्या झटक्यात उठले, एकही पडला नाही. नवं कोरं पान आलं. लॉगिन केलं तर नाव चूक म्हणे. पुन्हा केलं. पासवर्ड बदलून बघितला. चष्मा पुसला. पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, इथं अजून कुणी नाही, पहिलं खातं उघडा. ते मी दोन-तीनदा वाचलं आणि कळल्यावरही वाचत राहिले.  बाहेर दोरीवर गोधड्या वाऱ्यानं फडफडत होत्या, त्यांचा आवाज मला सहन होईना.

वेड्यासारखी मी सगळे पुन्हा खाली, पुन्हा वर, खाली, वर करत राहिले. जणू एखाद्या खेपेला तो आपली चूक सुधारेल. प्रत्येक खेपेला डिस्कवर नवं लिहिलं जात होतं आणि त्या नव्या रिकाम्या सर्व्हरची माती पुसलेल्या जुन्या आवाजावर पडत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. होता हो. आठवड्याला आपोआप पेनड्राईव्हवर जायचा, आणि मी चारचौघांत मिरवायचे. तो लावला. सर्व्हर कसा बसवायचा त्या सगळ्या सेटिंग्ज त्यात नीट, नावानिशी. बोललेलं, लिहिलेलं, फोटो ह्यांच्या फाईली मात्र रिकाम्या. मधे कधीतरी मी एक पासवर्ड बदलला, तेव्हापासून तो बॅकअप रिकामी फाईल करून गप बसत होता. उघडून बघायचं मला सुचलं नाही. स्वयंपाक कसा करायचा ते जपलं आणि पंगतीचं ताट उकिरड्यावर रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी संगणक गोधडीत गुंडाळला, एसटीनं नगरला नेला. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. ज्यांना तोंड दाखवायचं त्यांची यादी आधीच मोठी होती. डेटा परत काढून देणारं एक दुकान होतं. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, हे झाल्यावर मशीन परत चालू केलं का?"

"केलं."

"एकदाच?"

मी खाली बघितलं. त्यानं संगणक आपल्याकडं ओढला. एवढंच म्हणाला, "आशा ठेवू नका. ठेवून जा."

घट बसले. आक्काला मी सांगितलं, मशीन दुरुस्तीला गेली आहे. ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवशी दारात आली, अंगठा लावून म्हणाली, "झाली?" मी म्हटलं, "नाही हो आक्का, वेळ लागेल." असं रोज. उपवास होता म्हणून मी जेवत नाही असं घरात सगळ्यांना वाटत होतं, ते एक बरं होतं. मी प्रत्येक पोरीला फोन केला. कुणाच्या मोबाईलात आक्काचं काही उतरवून ठेवलंय का? नाही. ग्रुपातलं जुनं मोबाईल भरले तसं केव्हाच पुसलेलं, आणि नंतरचं तिकडं टाकायचं नाही असं मीच सांगितलं होतं ना. एक म्हणाली, "काकू, तू तर म्हणालीस तिथं कायम राहतं." मी म्हटलं, "हो गं." दुसरं काय म्हणणार.

मिरजगावला फोन सगळ्यात शेवटी केला. मागून ताटलीचा आवाज येत होता, पोरीचं जेवण चाललं असावं.

"काकू, सगळंच?"

"सगळंच."

"एकपण नाही?"

"नाही गं."

तिनं फोन ठेवला नाही. मागून पोर काहीतरी मागत होती आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. शेवटी मीच फोन ठेवला. भित्री कुठली.

नगरहून फोन आला, काही तुकडे निघालेत, घेऊन जा.  त्या माणसानं स्क्रीनवर दाखवलं. अर्धी म्हैस. कुणाच्या तरी बारशाच्या फोटोचा वरचा भाग, नुसतं छत. आवाजाच्या फाईली बऱ्याच, पण लावल्या की खरखर. "एक मात्र पूर्ण निघाली," तो म्हणाला आणि त्यानं ती लावली. मी काउंटरला घट्ट धरून उभी.

"टेस्ट, टेस्ट, माझा आवाज येतोय का?"

त्या दुकानात मी हसले. मोठ्यानं, थांबेना. तो माणूस घाबरला, पाण्याचा ग्लास पुढं केला. मग ते हसू कुठल्या कुठं गेलं आणि मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. सगळ्या भावकीतून देवानं राखून ठेवावा असा आवाज तो हा.

परत आले ती सरळ आक्काकडं गेले. दुपार होती. ती पडवीत मेथी निवडत बसली होती, एकटीच. मी समोर बसले, जुडी ओढली आणि मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं. दसरा काढला तिथपासून, अर्ध्या म्हशीपर्यंत. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढचं निघालं नसतं. म्हटलं, "आक्का, तुमचा आवाज मी घालवला. आता तो कुठंच नाही. पोरीलाही सांगितलंय. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय."

आक्काचे हात चालू होते.  मग देठ बाजूला ठेवला, अंगठा गळ्याला लावला.

"काय काय... हुतं त्यात?"

 आवाज किती होते ते मला माहीत होतं. किती जागा खातात, कुठला चढायला किती वेळ लागला, सगळं. पण ऐकताना मी फक्त सुरुवात ऐकायची. वाजतोय ना, झालं, पुढचं काम. ती बोलत असायची आणि मी मशिनीकडं बघत असायची.

"एकात," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता, काल घोडेगावच्या बाजाराला गेल्ते, तिथं एक बाई शेळी घेऊन बसली हुती..."

"मंग?"

"मग..." मला पुढचं येत नव्हतं. "मला माहीत नाही आक्का. मी पुढं ऐकलंच नाही. कुठलंच शेवटापर्यंत ऐकलं नाही."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही, मलाही नाही. सर्व्हर गेला त्यापेक्षा हे कळलं तेव्हा मला जास्त मेल्यासारखं झालं. मी पदर तोंडाला लावला. आक्का माझ्याकडं बघत होती. चेहऱ्यावरून राग आहे की कीव, काही कळेना. आवाज गेल्यापासून घरातले सगळे तिच्याकडं बघून हो-हो करायचे आणि कामाला लागायचे, मीही त्यातलीच. तिनं मेथीचं सूप बाजूला सारलं, माझ्या मनगटाला धरलं, चांगलं दुखेपर्यंत. अंगठा लावला. दर दोन-तीन शब्दांना श्वास घेत, मधे खोकत, पुन्हा अंगठा लावत ती म्हणाली:

"ती शेळी माझ्याच गोठ्यातनं गेल्ती, आन ती बया मलाच इकाया बसली हुती. बस. समदं सांगते. पन नुसती मान हलवू नको. कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हन, मी परत सांगन."